राईखालचा डबा

सलीम, तुझ्याशी बोलताना खोट्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. तशी केली की तू सोल्डरची काडी खाली ठेवायचास, डोळ्यातलं भिंग काढायचास आणि म्हणायचास, "हं, बोल बे. आता मोठं येते."

म्हणून आधी खरं सांगून टाकतो. तू गेल्यापासून माझी वजाबाकी करणारा कोणी उरला नाही. मी पेपरात वाघ लिहायचो बारा फुटांचा. राजुऱ्यातले लोक वाचून दारं लावून घ्यायचे आणि तू दुकानातून रस्त्यावर ओरडायचास, "मिल्या, शेपटी दोनदा मोजली काय बे?" मग मी संध्याकाळपर्यंत नऊ फुटांवर यायचो. चहा तू पाजलास तर आठवर. आता मी बारा लिहितो तर बाराच छापतात आणि बाराच राहतात. तालुक्यात वाघ मोठे होऊन राहिले आहेत, सलीम. पूर मोठे झाले. परवा एका सभेला मी एवढी माणसं बसवली की त्या मैदानात ती एकमेकांच्या मांडीवर बसली तरी मावली नसती. कोणी चकार शब्द काढला नाही. फोकनाड्या म्हणून मला गाव ओळखतं, पण फोकनाड्याला एक खरं बोलणारा लागतो, नाहीतर त्याची नुसती बातमी होते.

पेपरवाल्यांनी तुझ्यावर चार ओळी मागितल्या होत्या. कुठे जन्मला, मागे कोण कोण आहे, अंत्यविधीला कोण हजर होतं. मी दिल्या नाहीत. मला डब्यांबद्दल लिहायचं होतं आणि डब्यांबद्दल लिहिलं असतं तर त्यांनी ते माझं आणखी एक फोकनाड समजून रद्दीत टाकलं असतं.

तर डबे. खाणीच्या सर्वेवाला एक साहेब तुझ्याकडे पिवळं यंत्र दुरुस्तीला टाकून गेला आणि परत आलाच नाही. तुझ्या दुकानात तसं बरंच काही अनाथ पडलेलं असायचं. मुके रेडिओ, आंधळे टीव्ही, गच्चीवरून उतरवलेल्या डिशा. पण या यंत्राची काच तू बदललीस, ते चालू केलंस आणि त्यानं थोडा वेळ आभाळ चाचपडून सांगितलं की आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत. मला आठवतं, तू दुकानाबाहेर आलास, पानठेल्यापर्यंत चाललास, आकडा बदलला. परत आलास, आकडा परत आला. दिवसभर तू पानठेला आणि दुकान एवढाच प्रवास करत होतास. पानठेलेवाल्याला वाटलं याला वेड लागलं. मी गावभर सांगितलं की अमेरिकेनं सलीमच्या दुकानावर उपग्रह सोडला. त्यातलं 'दुकानावर' एवढंच खोटं होतं.

मग चंद्रपूरच्या सायबर कॅफेत आपल्याला कळलं की जगभरात लोक असं यंत्र घेऊन डबे लपवतात, त्यांचे आकडे कॉम्प्युटरवर टाकतात आणि दुसरे लोक ते शोधत फिरतात. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवून द्यायचा. बक्षीस नाही, काही नाही. रिकामटेकडे लोक फक्त राजुऱ्यात नाहीत हे पाहून आपल्याला केवढा धीर आला होता.

पहिला डबा मी लपवला, आमच्या विहाराच्या मागच्या भिंतीच्या खाचेत. आठ दिवसांनी पाहायला गेलो तर कोणीतरी त्याला वरून चीर पाडून दानपेटी म्हणून आत ठेवला होता आणि लोक श्रद्धेनं त्यात नाणी टाकत होते. तू हसून हसून खुर्चीवरून पडलास. (पडला नव्हतास. पण खुर्ची हलली होती.) हसणं थांबल्यावर मात्र तू गंभीर झालास. म्हणालास, लपवणं कोंबडीलाही येतं. शोधायला लावणं, हे काम आहे.

तिथून तुझी डबेबाजी सुरू झाली. एक साधा आकडा आणि एक डबा, हे तुला अपमानासारखं वाटायचं. तुला टप्पे हवेत. पहिल्यानं दुसऱ्याची किल्ली दिली पाहिजे, पण किल्ली म्हणून नाही. समोर पडलेली रोजची वस्तू म्हणून. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजावर सिंहाखाली किती हत्ती दबलेत ते पाहा, तो तुमचा एक अंक. राजुऱ्याच्या बसस्टँडवरच्या पाटीवर जी गाडी लिहिलेली आहे पण कधी येत नाही तिची वेळ घ्या, ते पुढचे दोन. त्यासाठी माणसानं स्टँडवर बसून राहिलं पाहिजे, चहा प्यायला पाहिजे, येणार नाही त्या गाडीची वाट पाहणाऱ्यांशी बोललं पाहिजे. तू म्हणायचास, इथं बसल्याशिवाय हे कोडं सुटू नये. आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊ उरले पाहिजेत, म्हणजे चुकणाऱ्याला चूक कळते पण उत्तर कळत नाही. हे तू मला इतक्या वेळा समजावलंस की मी बाजारात भाजीचे भावसुद्धा बेरजेनं नऊवर आणून पाहायला लागलो होतो.

आणि तो हैदराबादचा इंजिनिअर. मी त्याला आधी अमेरिकेचा केला होता, मग मुंबईचा, शेवटी तू त्याला हैदराबादला आणून सोडलंस. चांगला माणूस. तुझे तीन टप्पे सोडवले, बसस्टँडवर आपल्याला न ओळखता आपल्याच शेजारी बसून चहा प्याला आणि चौथ्याला यंत्रातले आकडे वाचताना दशांशाच्या पुढचा भाग सेकंद समजून बसला. अर्धा किलोमीटर चुकला आणि सरळ वर्धा नदीत. मी सांगायचो गळ्याएवढ्या पाण्यात. गुडघ्याएवढ्या, तू म्हणायचास. पण तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून यंत्र आभाळाकडे धरून होता आणि काठावरची म्हशी धुणारी पोरं त्याला विचारत होती की मोबाईलला रेंज येते का. आपण झाडामागून पाहत होतो. मी म्हटलं, सांगू या त्याला. तू माझा हात धरलास. तो तसाच परत गेला.

तिथंच आपलं भांडण सुरू झालं, सलीम, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हणायचो, एकदा तरी कोणाला तरी सापडू दे. तू म्हणायचास, सापडेल, ज्याला सापडायचा त्याला. मी म्हणायचो, असा माणूस जन्मला का अजून? तू नुसता माझ्याकडे पाहायचास. मला वाटायचं, चिडलास.

दसऱ्याच्या सुमाराला तू सांगितलंस की शेवटचा डबा ठेवला, धानोऱ्याकडे, पोटावी काकांच्या गावाजवळच्या जंगलात. पोटावी काका म्हणजे ते गोंड म्हातारे, ज्यांच्या घरी आपण एकदा टायर फुटला म्हणून थांबलो आणि जेवून निघालो. तुझ्या तोंडावर असा आनंद होता की मी पेढे मागितले. मग तू सांगितलंस आत काय आहे. दरवाज्याची ती चिमणीवाली बेल. तिला तारा जोडून, सेल लावून, झाकणाला खटका. झाकण उघडलं की डबा चिवचिवणार.

मी चहाचा कप खाली ठेवला.

मी बातमीदार आहे, सलीम, फोकनाड्या असलो तरी. त्या नक्षली भागात बहिणीसाठी कुकर घेऊन जाणाऱ्या माणसाला बॉम्बच्या संशयावरून पोलिसांनी अर्धा दिवस बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. तो माणूस आजही कुकर शब्द आला की उठून जातो. ती बातमी मी वाढवून लिहिली नव्हती. वाढवायला जागाच नव्हती.

"त्यात तारा हायेत, सेल हायेत," मी म्हटलं. "तो राजुऱ्याचा बसस्टँड नाई. बायायच्या हाती लागला तं पोलीस विचारतीन, कोणी देल्ला. पोलिसायच्या हाती लागला तं साऱ्या गावाले विचारतीन. अन् आतले बंदूकवाले विचारतीन, पोलिसायचा तं नाई ना."

तू शांतपणे एका रेडिओची पाठ उघडत होतास. म्हणालास, "तू लिहितो म्हून तुले ते जंगल बातमी वाटते. तिथं माणसं राह्यतात बे. तुह्यापेक्षा हुशार."

"हुशार हायेत म्हूनच भेतात."

"मंग सोडव. सापडला का तुह्या हातानं काढ. मी काही बोलणार नाई."

"एक अक्षर तं सांग."

"सांगून सापडला तं डबा नाई तो, टिफिन हाये."

मी उठून गेलो. पण सोडवायला बसलो, कारण दुसरा मार्ग तू ठेवला नव्हतास. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं पडायला लागतात, त्याच्या आधी बाया मोहाखालचा पालापाचोळा झाडून पेटवून देतात. त्या आगीत, त्या गर्दीत तो डबा उघडा पडायच्या आत मला तो हवा होता. चार टप्पे मी सोडवले. हे फोकनाड नाही, बेरीज नऊ आली होती. पण चौथ्या टप्प्यानं मला जंगलातल्या एका मोकळ्या जागेपर्यंत आणून सोडलं आणि तिथं आकडे संपले. उरली तुझी एक ओळ. राईच्या पायाशी, मावळतीच्या अंगाला.

राई. तिथं जवळच जुनी आमराई आहे, कोण्या मालगुजारानं लावलेली. मी त्या राईतल्या प्रत्येक झाडाच्या पायाशी मावळतीच्या अंगाला बसलो. एकदा तू सोबत होतास. मोटारसायकलला टेकून उभा होतास आणि मी प्रत्येक आंब्याला पूर्वेकडून प्रदक्षिणा घालत होतो. म्हणालास, "झाडायले पाया पडून राह्यला काय बे?" यंत्र पानांखाली भरकटत होतं, एकदा मला ते छत्तीसगडमध्ये दाखवायला लागलं. (बरं, ओढ्याच्या पलीकडे.) मी थकून, चिडून तुझ्या अंगावर आलो. तुझ्यामुळे एखाद्या बाईला धरून नेतील तेव्हा तू काय चिवचिवशील, असं मी म्हणालो. तू उत्तर दिलं नाहीस. परतताना मोटारसायकलवर आपण दोघं बोललो नाही. गडचिरोलीत चहा प्यालो नाही. धानोऱ्यापासून राजुऱ्यापर्यंत गप्प राहण्याचा तो माझा आयुष्यातला विक्रम आहे, आणि तो खरा आहे.

त्यानंतर तू दुकानात असायचास, मी समोरून जायचो. मग कळलं तुला ताप आहे. मग कळलं मलेरिया आहे, मेंदूत गेला. मग तुझं दुकान बंद होतं आणि घरासमोर चपला होत्या.

आता ते सांगतो जे मी कोणाला सांगितलं नाही.

तुला न्यायला सगळे निघाले तेव्हा तुझी अम्मा दारात बसली होती. सिरोंच्याची बाई, तोंडात अर्धी उर्दू आणि अर्धी तेलुगू, राजुऱ्यात एवढी वर्षं राहून मराठी फक्त भाजीवालीशी. ती रडत नव्हती. तुझ्या मेहुण्याला, रफिकला एवढंच म्हणाली, "सिरहाने एक राई रख देना बेटा. पहचान रहेगी."

मी मागे उभा होतो. माझ्या डोक्यात काय चाललं होतं देव जाणे, पण मला वाटलं मोहरी. नजर उतरवायला मीठ-मोहरी लागते, तसं तुमच्यात डोक्याशी ठेवत असतील, आपल्याला काय माहीत. रफिक गर्दीत, त्याला कुठे सुचणार. मी कोपऱ्यावरच्या किराण्यात गेलो, पुडी बांधून घेतली. दुकानदारानं विचारलं लोणचं घालता काय. मी पैसे ठेवले. खिशात मोहरीची पुडी घेऊन मी तुझ्या मागे चाललो, खांदा दिला, मूठभर माती टाकली. सगळं झाल्यावर रफिकजवळ जाऊन हळूच पुडी काढली आणि विचारलं, हे कुठं ठेवायचं?

त्यानं पुडी उघडली. मोहरी पाहिली. माझ्याकडे पाहिलं.

"ये क्या है?"

"राई. अम्मांनी सांगितलं ना."

त्या माणसाचे डोळे रडून सुजले होते. त्यानं खाली वाकून मातीतून एक दगड उचलला आणि माझ्यासमोर धरला. "ये राई. अम्मा सिरोंचा की है ना, पत्थर को राई बोलती. हम सब बचपन से राईच बोलते."

आणि मी हसलो, सलीम. कब्रस्तानात. तुझ्या ताज्या मातीसमोर. आमराईतली ती सगळी झाडं, त्यांच्या पाया पडणारा मी, मोटारसायकलला टेकलेला तू, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल दाबला. लोकांना वाटलं मी कोसळलो. दोघांनी धरलं, एकानं पाणी आणलं. कोणीतरी म्हणालं, बघा, किती जीव होता. त्यांचं चुकलं नव्हतं. पण त्या क्षणी मी रडत नव्हतो, मला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, आणि तो सांगायला मी ज्याच्याकडे पळालो असतो तो खाली होता. रफिकनं तो दगड तुझ्या डोक्याशी ठेवला. मोहरी त्यानं परत दिली, ती अजून माझ्या खिशात आहे, त्या शर्टाच्या. शर्ट धुवायला टाकला नाही.

आईची भाषा तू अंतिम टप्प्यात घातलीस. किल्ली म्हणून नाही, रोजची वस्तू म्हणून. तुझ्या घरी मी कितीदा जेवलो. अम्मा किती वेळा म्हणाली असेल, त्या राईवर बसू नको, तापली आहे. मी तेव्हा काय करत होतो? बोलत असेन. मीच बोलत असेन.

तुझा चाळिसावा दिवस होईपर्यंत मी थांबलो, कारण घरातून यंत्र मागायची हिंमत नव्हती. त्या दिवशी भाभींनीच ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "भाईजान, ये आप ले जाव. घर में पडा-पडा आसमान ढूँढते रहता." मी ते घेतलं. काही म्हणालो नाही. मी, आणि काही म्हणालो नाही.

दुसऱ्याच दिवशी निघालो. मूल गावापर्यंत धुकं होतं, धानोऱ्यापुढे पळस फुलायला लागले होते. रस्त्यावर दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं. पिशवीत काय, कुठे चालला, कशाला चालला. मी म्हटलं, बातमीदार आहे, मोहावर लिहायचं आहे. खरं सांगितलं असतं की मेलेल्या दोस्तानं पुरलेला चिवचिवणारा डबा काढायला चाललो, तर मी आज हे लिहायला मोकळा नसतो. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट जशीच्या तशी खरी आहे आणि ती कोणाला सांगण्यासारखी नाही.

गावात गेलोच नाही. पोटावी काका भेटले तर विचारतील, भाऊ कुठी आहेत, आणि ते मला तोंडातून काढायचं नव्हतं. थेट त्या मोकळ्या जागेवर गेलो. जवळच बाया मोहाखालचा पाला झाडत होत्या, ढीग लावत होत्या, म्हणजे एक-दोन दिवसांत पेटवणार. मी बाह्या सरसावल्या. मी आमराईकडे पाहिलंही नाही. सगळीकडे दगड. इतके दगड मी त्या जागी आधी पाहिलेच नव्हते, कारण मी झाडं पाहत होतो. गावाच्या पूर्वजांच्या आठवणीचे उभे दगड थोडे पलीकडे होते. तिकडे तू हात लावला नसतास, हे मला माहीत होतं. ते सोडून मी सुरुवात केली.

एक उचलला, खाली वाळवी. एक उचलला, खाली काही नाही. एक असा होता की उचलता उचलता मी त्याच्याबरोबर बसलो. एकाखाली विंचू निघाला, त्यावेळी मी जी उडी मारली ती मोजली असती तर तूही कमी केली नसतीस. बाया झाडत होत्या आणि मधेच थांबून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्यापैकी दोघींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, भ्याल्या. शहरातला माणूस दगड उपसतो म्हटल्यावर कोण भिणार नाही. मी त्यांना ओरडून सांगितलं, घाबरू नका बाई, सरकारी माणूस नाही. पदर आणखी घट्ट झाले.

दुपार होत आली तेव्हा एक चपटा दगड, पायरीसारखा, त्याच्या मावळतीच्या अंगाला खाली खोबण. हात घातला. पत्रा लागला.

तो तसाच होता. तुझा बिस्किटाचा चौकोनी डबा, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी मागे पाहिलं, कोणी येत नाही ना. पट्टी काढली. कान बंद करून, हो, एका हातानं कान बंद करून, झाकण उघडलं. चिवचिवला नाही. बेल होती, तारा होत्या, पण सेलची जागा रिकामी. एक पेन्सिल आणि कोरा कागद.

"सेल माह्या टॉर्चीत हायेत," मागून आवाज आला.

पोटावी काका होते. हातात पाण्याचा तुंबा, मागे त्या सगळ्या बाया, झाडू हातात. मी डबा छातीशी धरून बसलो होतो, चोर सापडावा तसा.

काकांनी मग सांगितलं. धानाची मळणी चालू होती तेव्हा तू एकटा आला होतास. म्हणजे त्या न बोललेल्या परतीच्या प्रवासानंतर. खळ्यावर साऱ्या गावाला बसवलंस, डबा आणून दाखवलास, उघडून वाजवलास. पोरांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावला. मग सेल काढून काकांना दिलेस आणि म्हणालास, हा माझा आहे, यात भिण्यासारखं काही नाही, याला कोणी हात लावू नका, माझा दोस्त शोधायला येईल. पेटवताना त्या दगडाभोवतीचा पाला बाजूला करा. मग रात्र झाली म्हणून तू खळ्यावरच झोपलास. मच्छरदाणी देतो म्हटलं तर नको म्हणालास.

सलीम, तुझा ताप त्यानंतरचा आहे.

मी हिशोब लावत नाही. डास राजुऱ्यातही आहेत, तुझ्या दुकानामागच्या नालीत तर माझ्या वाघांएवढे आहेत. कोणता डास, कुठला, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पण एखाद्या बाईला धरून नेतील असं मी तुझ्या तोंडावर म्हणालो, आणि तू मला उत्तर न देता त्या बायांकडे गेलास. साऱ्या गावाला सांगितलंस. मला नाही. मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसलो असतो, आपण भांडण मिटवलं असतं, मग तुझ्या अंगात कणकण आली तेव्हा मी तुला गाडीवर बसवून चंद्रपूरला नेलं असतं. किंवा नसतं नेलं. मी वाढवून बोलतो, तुला माहीत आहे. यातून किती वजा करायचं ते मला कळत नाही.

"तुम्हाला डबा कुठे आहे ठाऊक होतं," मी काकांना म्हटलं. "सकाळपासून मी दगड उपसून राह्यलो. सांगितलं काऊन नाई?"

काका बायांकडे पाहून हसले. म्हणाले, "त्यानंच सांगितलं होतं, कोणी सांगाचं नाई म्हून. माहा दोस्त लय बोलते पण माणूस चांगला हाये. शोधू द्या त्याले. सापडला का पहिले पाणी द्या, मंग हसा." त्यांनी तुंबा पुढे केला. "घ्या. भाऊ नाई आले? कुठी हायेत?"

मी सांगितलं. ताप आला, मेंदूत गेला, राजुऱ्यात पुरलं. तीन वाक्यांत सांगितलं. वाढवलं नाही.

काकांचा हात तुंब्यासकट तसाच राहिला. मग मी तुंबा घेतला आणि पाणी प्यालो. बाया उभ्या होत्या. ज्या दोघींनी पदर लावला होता त्यांचा पदर अजून तोंडावर होता. मी थांबलो. वाट पाहिली. मग म्हटलं, बाई, हसा ना आता. त्यानं सांगून ठेवलंय. मी वाईट मानत नाही. सकाळपासून चुकीचे दगड उचलले मी, त्या विंचवाला पाहून कसा उडालो, तुम्ही पाहिलं ना?

त्यांनी पाहिलं होतं. कोणी हसलं नाही.